पहिला डीएसएलआर घेतलाय, आता लेन्स आणि बाकी सामान काय घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात, ट्रेकला, लग्नात कुठेही गेलो आणि गळ्यात कॅमेरा दिसला की हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी चिपळूणचा, कॅनन १५००डी वापरतो, बहिणीकडे निकॉनचा डी३५०० आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये. तुमच्याकडे ३०००डी, २००डी, डी३४००, डी५६०० असेल तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

कॅमेरा घेऊन महिना झालाय, आता पुढची लेन्स कुठली घेऊ?

अजून कुठलीच नको. खरंच सांगतो. आधी किट लेन्सने, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने, तीन-चारशे फोटो काढा, कॉम्प्युटरवर टाका आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्स किती झूम केली होती तो मिलिमीटरचा आकडा) किती दिसतेय ते बघा. निम्म्याहून जास्त फोटो ५५ वर असतील आणि तरी समोरचं लांबच वाटत असेल तर टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स हवी. सगळे १८ वर अडकले असतील, म्हणजे देवळाचा सभामंडप, वाड्याचा चौक, किल्ल्यावरचा बुरूज मावत नसेल तर वाईड हवी. आणि रेंजचं काहीच अडत नाहीये पण घरातले, संध्याकाळचे फोटो हललेले नाहीतर दाणेदार येताहेत तर मोठ्या अपर्चरची (उजेड आत येणारं भोक मोठं उघडणारी) प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स हवी. अडचण आधी सापडली पाहिजे, लेन्स मग आपोआप ठरते. मित्राने घेतली म्हणून घेतलेली लेन्स कपाटात पडून राहिलेली मी खूप घरांत बघितलीये.

पण किट लेन्स फालतू असते म्हणतात ना?

नाही हो. १८-५५ चं अपर्चर एफ/८ वर ठेवून दिवसाच्या उजेडात वापरून बघा, एवढ्या पैशात इतकी शार्प आणि हलकी दुसरी मिळणार नाही. फोटो टिपणाऱ्या सेन्सरपासून साधारण २५ सेंमीवरच्या वस्तूवर ती फोकस करते, म्हणजे ताटातला मोदक, रांगोळीची नक्षी आरामात निघते. कमी पडते ती अंधारात, कारण झूम करून ५५ वर गेलात की अपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही.

एक मात्र नक्की तपासा. कॅननच्या लेन्सवर आयएस आणि निकॉनच्या लेन्सवर व्हीआर लिहिलंय का? ही हात हलण्याची भरपाई करणारी सोय. दोन्ही कंपन्यांच्या १८-५५ मध्ये ही सोय असलेली आणि नसलेली अशी दोन्ही मॉडेल निघालीत, दिसायला अगदी सारखी. दुकानात बॉक्स उघडून लेन्सवरची अक्षरं स्वतः वाचा.

लेन्सवरचे आकडे कसे वाचायचे?

१८-५५ एमएम ही फोकल लेंथ, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. १:३.५-५.६ हे जास्तीत जास्त उघडणारं अपर्चर, आकडा लहान तेवढा उजेड जास्त. आणि गोलावर आडवी रेघ मारलेली खूण, तिच्यापुढे ५८ किंवा ५५ लिहिलेलं असतं, तो फिल्टरचा आणि झाकणाचा साइज. बरेच जण फोकल लेंथच्या ५५ लाच फिल्टरचा साइज समजतात आणि ५८ च्या लेन्सला ५५ चा फिल्टर मागवतात, मग तो बसत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बहुतेक वेळा साइज लिहिलेला असतो, तिथे बघितलं तर घोळ होत नाही.

कॅननवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं, ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन असतो आणि ईएफ लेन्सवर लाल ठिपका. आपल्या बॉडीवर दोन्ही बसतात, पण उद्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घेतलात तर ईएफ-एस त्यावर बसणार नाही.

५० एमएम घेऊ की ३५? सगळे ५० च घे म्हणतात.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याच खरेदीत सगळ्यात जास्त लोक नाराज होतात.

आपल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे फोकल लेंथला कॅननवर १.६ ने आणि निकॉनवर १.५ ने गुणायचं. म्हणजे ५० एमएम लावली की कॅननवर ती ८० सारखी दिसते. आता हिशोब बघा, आपली खोली दहा बाय दहा, भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तरी समोरचा माणूस तीन मीटरच्या पुढे नाही. त्या अंतरावर कॅमेरा उभा धरला तरी ५० एमएममध्ये वरपासून खालपर्यंत सव्वा मीटरच्या थोडंच वर मावतं. उभा माणूस मावला नाही! बाळाचं बारसं असेल, पाळण्याभोवती आठ-दहा बायका असतील तर तुम्ही मागे सरकून सरकून गॅलरीत जाल. निकॉनवर ३५ लावली तर तीन मीटरवर साधारण दोन मीटर मावतं आणि कॅननची २४ एमएम पॅनकेक (चपटी लेन्स) लावली तर पावणेतीन मीटर.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. निकॉन असेल आणि घरगुती फोटो असतील तर ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स, डोळे झाकून. कॅननमध्ये ३५ ची तशी स्वस्त लेन्स नाही, तिथे २४ एमएम एफ/२.८ घरासाठी आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम बाहेरच्या पोर्ट्रेटसाठी. अंगणात, गच्चीवर, लग्नात स्टेजपासून थोडं लांब, नाटकाच्या प्रयोगात पुढच्या रांगेतून, तिथे ५० सोनं आहे.

आणि एफ/१.८ मिळालं म्हणून प्रत्येक फोटो एफ/१.८ वर काढू नका. आजीचा चेहरा जवळून काढलात आणि तिने मान जराशी वळवलेली असेल तर एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो, नथ शार्प येते आणि कपाळावरचं गोंदण जातं. एफ/२.८ वर या, मागचं धूसरच राहील आणि चेहरा पूर्ण मिळेल.

निकॉनच्या बॉडीवर जुनी लेन्स ऑटोफोकस करत नाहीये, खराब आहे का?

बहुतेक नाही. डी३००० आणि डी५००० च्या घरातल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, लेन्समध्ये असावी लागते. त्यामुळे लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी पाहिजे. नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर हाताने फोकस करायचा. उलटीकडूनही एक गोची आहे, एएफ-पी लेन्स डी३१००, डी५१०० अशा जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही. वापरलेलं सामान घेताना आपली स्वतःची बॉडी बरोबर घेऊन जा, लावून बघा, मग पैसे द्या. कॅननमध्ये ही भानगड नाही, तिथे ईएफ आणि ईएफ-एसच्या सगळ्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर असतेच.

पक्ष्यांसाठी कुठली? ५५-२५० पुरेल का ७५-३०० घेऊ?

कॅननवाल्यांनो, ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. ७५-३०० मध्ये आयएस नाही, आणि ३०० च्या टोकाला ती मऊ पडते, तरी कॅमेऱ्याबरोबर दोन लेन्सच्या बॉक्समध्ये ती गळ्यात मारली जाते आणि माणूस ५० एमएम जास्त मिळाले म्हणून खूश होतो. निकॉनवाल्यांनी ७०-३०० एएफ-पी डीएक्स घ्यायची पण व्हीआर वालीच, बिनव्हीआरची पण येते, नीट वाचा.

पुरेल का, तर पक्षी कुठला यावर आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात फ्लेमिंगो बघायला गेलात आणि नाववाल्या काकांनी इंजिन बंद करून वल्ह्याने हळूहळू नेलं तर २५० मध्ये अख्खा थवा सुंदर येतो, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट. पण खंड्याचा डोळा, शिंजिराची चोच, ते २५० मध्ये होत नाही. त्याला १५०-६०० लागते, सिग्मा किंवा टॅमरॉनची, आणि ती दोन किलोच्या आसपास असते, एन्ट्री लेव्हल बॉडीला लावली की सगळं वजन पुढे जातं, उचलताना नेहमी लेन्सला धरायचं, बॉडीला नाही. एवढी मोठी खरेदी करण्याआधी एक वीकेंड भाड्याने घेऊन बघा.

हाताने काढताना शटरचा (फोटो किती वेळात टिपला जातो त्याचा) हिशोब पण १.६ ने गुणूनच करायचा. २५० म्हणजे ४००, तर शटर १/४०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. आयएस तुमचा हात सांभाळतो, उडणारा पक्षी नाही सांभाळत.

चंद्राचा फोटो किट लेन्सने ठिपक्यासारखा येतो, काय करू?

फोकल लेंथला ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र साधारण तेवढे मिलिमीटर येतो. ५५ वर अर्धा मिमी, २५० वर सव्वादोन मिमी, आणि सेन्सरची उंची १५ मिमी. म्हणजे २५० वरसुद्धा क्रॉप करावाच लागणार, पण विवरं दिसतात. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८, शटर १/१२५ सेकंदापासून सुरू करा. आणि पौर्णिमेला काढू नका, अष्टमीच्या आसपास काढा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात तिथेच चंद्राचा खडबडीतपणा दिसतो.

कासला जायचंय, मॅक्रो (बारीक वस्तू अगदी जवळून काढणारी) लेन्स घ्यायलाच हवी का?

पहिल्या वर्षी तरी नको. कासची बरीच फुलं नखाएवढी असतात, सीतेची आसवं, दवबिंदू ही तर गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसतच नाहीत. ५५-२५० च्या पुढे क्लोज-अपचं भिंग लावा, रेनॉक्सचं डीसीआर-२५० चिमट्यासारखं अडकतं, ५२ ते ६७ एमएम फिल्टर साइजच्या लेन्सवर बसतं. मागच्या वेळी मी याच जोडीने दवबिंदूचं एक पान काढलं, लाल केसासारखे तंतू आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, एका थेंबात आकाश उलटं दिसत होतं आणि एक बारीकशी माशी तिथे अडकलेली. साध्या डोळ्यांना तो नुसता लालसर डाग होता!

एक्स्टेंशन ट्यूब हा दुसरा उपाय, त्यात काच नसते, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी नुसती पोकळ नळी, पण विजेचे कॉन्टॅक्ट असलेली घ्या नाहीतर कॅननमध्ये अपर्चर बदलता येत नाही. आणि कृपा करून वाट सोडून, फुलांवर पाय देऊन, आडवं पडून फोटो काढू नका. वाटेच्या कडेलाच पुरेशी फुलं असतात.

यूव्ही फिल्टर लावू का?

रोज नको. डिजिटलला यूव्हीचा तसा उपयोग नाही, ती फक्त पुढची काच वाचवायची सोय आहे. समुद्रावर, धुळीत, रंगपंचमीला, गुलाल उधळतात तिथे लावा, घरी आल्यावर काढा. स्वस्तातला फिल्टर रात्रीच्या दिव्यांची भुतं दाखवतो, समईच्या ज्योतीखाली दुसरी हिरवट ज्योत दिसली की समजायचं. त्यापेक्षा लेन्स हूड घ्या, तो आपटण्यापासूनही वाचवतो आणि बाजूचं ऊनही अडवतो.

पैसे घालायचे तर सर्क्युलर पोलरायझर फिल्टरवर घाला. पावसाळ्यात सह्याद्रीत ओल्या पानांवर जी पांढरी चमक येते ती हा काढून टाकतो आणि खालचा खरा हिरवा दिसतो, हे नंतर मोबाइलवर एडिट करून होत नाही. निळ्या आकाशावर त्याचा सगळ्यात जास्त परिणाम सूर्य तुमच्या उजव्या-डाव्या खांद्याच्या बाजूला असताना होतो. उजेड एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं धरून चाला. धबधब्याचं पाणी रेशमी हवं असेल तर एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळसर फिल्टर.

ट्रायपॉड कुठला?

हातात घ्या, पाय पूर्ण उघडा, वरून दाबा आणि पिळून बघा. करकरला, डुगडुगला तर नको. मधला खांब वर न काढता तो तुमच्या छातीपर्यंत आला पाहिजे. हलकाच हवा असेल तर खाली हूक असलेला घ्या, वाऱ्यात बॅग अडकवायची. ट्रायपॉडवर लावलात की आयएस बंद करा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, रिमोटचे पैसे वाचले.

लग्नासाठी फ्लॅश घ्यायचाय, स्वस्तातला चालेल?

थांबा. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या वरच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिनच नाहीये. जुने, साधे, एक पिनवर चालणारे फ्लॅश आणि ट्रिगर यावर पेटत नाहीत. कॅननच्या ईटीटीएलवर (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीवर) चालणारा फ्लॅश लागतो, आणि दुसऱ्या कंपनीचा घेत असाल तर तुमच्याच मॉडेलवर लावून, दोन-चार फोटो काढून मगच घ्या.

घेतलात की तोंडावर मारू नका. डोकं वर फिरवा, छतावर उजेड आपटू द्या. कार्यालयाला पांढरा स्लॅब असेल तर उजेड मऊ पडतो, नवरीच्या कपाळावरचा घामही चमकत नाही. पण मांडवाला केशरी-गुलाबी कापड असेल तर तोच रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर येतो, हळदीच्या फोटोत तर हळद कुठली आणि कापड कुठलं कळत नाही. अशा वेळी फ्लॅश बंद, ५० एमएम, एफ/२.५, आयएसओ १६००, आणि थोडे दाणे आले तर येऊ द्या.

कार्ड आणि बॅटरी?

यूएचएस-१, व्ही३० लिहिलेलं नावाजलेल्या कंपनीचं कार्ड पुरे. १२८ जीबीच्या एकापेक्षा ३२ जीबीची दोन बरी, एक बिघडलं तरी अर्धं लग्न हातात राहतं. ३२ मध्ये रॉ (जेपीईजी न केलेले मूळ) फोटो साधारण हजारएक बसतात. नकली कार्डं फार येतात, नवीन कार्ड आधी पूर्ण भरून, परत वाचून बघा. बॅटरी मात्र दुसरी घ्याच. डी३५०० एका चार्जला १५५० फोटोंचा आकडा सांगतो आणि १५००डी ५०० चा, यावरून कोणाला जास्त गरज आहे ते समजलं असेल.

लेन्सला बुरशी लागते म्हणजे काय? कोकणात, मुंबईत काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि सगळ्यात आधी विचारायला हवा. माझी ५५-२५० एका वर्षी जूनपासून कापडी बॅगेत कपाटात होती, गणपतीला काढली. समोरून बघितलं तर स्वच्छ. मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आतल्या काचेवर कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, फांद्या फुटत गेलेल्या. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसली, धागे गेले पण कोटिंगवर त्यांचे ठसे राहिले, आजही उन्हाच्या दिशेने फोटो काढला की धुरकट येतो. ती लेन्स मी पहिल्या बोनसमधून घेतली होती, खूप लागलं मनाला.

बुरशीला दमट, अंधारी, बंद जागा लागते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायची. पैसे असतील तर इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट. नसतील तर रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओलावा पिऊन भरलं, मंद आचेवर गरम करून परत निळं करायचं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

डब्यात तांदूळ टाकू नका, पीठ उडतं. डांबराच्या गोळ्या तर नकोच. चामड्याच्या किंवा फोमच्या पाऊचमध्ये पावसाळ्यात लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतात. आणि दर आठवड्याला काढून दहा फोटो काढा, वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

पावसात, वारीत कॅमेरा नेऊ का?

न्या, पण आपली बॉडी आणि किट लेन्स पावसासाठी बनवलेली नाही हे धरून. एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, तळाला हूडच्या मापाचं भोक पाडून रबर बँडने हूडवर घट्ट करायची, मागून दोन्ही हात आत. खिशात पंचा ठेवा. माऊलींची पालखी दिवेघाट चढते तेव्हा लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका, ५५-२५० लावूनच जा, वळणावरून लांबून घेतली की पताकांची आणि तुळशी वृंदावनांची अख्खी रांग एकावर एक दाटून येते. घरी आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात नको, कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली तासभर उघडा.

वापरलेली लेन्स घेताना काय बघायचं?

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जा नाहीतर ओळखीतून घ्या, पण टॉर्च बरोबर हवाच. दोन्ही बाजूंनी उजेड मारून आत धागे, धुकं बघा. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही. फिल्टरची चुडी चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. झूम रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर नको. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून पूर्ण उघड्या अपर्चरला फोटो काढा, चारही कोपऱ्यांपैकी एकच कोपरा पुसट आला तर आतली काच सरकलेली असते. नवीन घेत असाल तर जीएसटीचं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. "दुकानाची वॉरंटी" म्हणाले आणि किंमत खूपच कमी असेल तर तो बाहेरून आलेला माल असू शकतो.

आता सगळं मिररलेस (आत आरसा नसलेले कॅमेरे) होतंय, डीएसएलआरच्या लेन्सवर पैसे घालू का?

घाला, पण वापरलेल्यावर. कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट (मिररलेसची लेन्स बसवायची जोडणी) २०१८ मध्ये आणलं, तेव्हापासून लोक जुन्या लेन्स विकताहेत आणि आपल्याला त्या स्वस्तात मिळताहेत. उद्या तुम्हीही तिकडे गेलात तर कॅननच्या ईएफ, ईएफ-एस अडॅप्टरने नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी चालतात, अडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने एएफ-डी तिथेही हातानेच.

बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स घरात आहे, माझ्या डीएसएलआरवर लागेल?

निकॉन असेल तर बहुतेक लागेल, १९५९ पासून एफ माउंटची बसायची पद्धत तीच आहे. डी३५०० वर लावून मोड एमवर (सगळं हाताने) ठेवा, उजेड मोजणारं मीटर चालणार नाही, अपर्चर लेन्सवरच्या रिंगने, फोकस हाताने. पहिला फोटो अंदाजाने काढा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख) बघा, शटर दोन घरं इकडे-तिकडे करा, चार-पाच फोटोंत जमतं. कॅननची १९८७ च्या आधीची एफडी लेन्स मात्र आपल्या बॉडीवर बसत नाही, काच असलेलं अडॅप्टर मिळतं पण त्याने फोटो खराब होतो, तिच्यासाठी पैसे घालू नका. आणि लावायच्या आधी टॉर्च मारून बघायचं विसरू नका, इतकी वर्षं कपाटात असलेली लेन्स आहे, आत बुरशी असेल तर दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या आणि तोवर तुमच्या बाकीच्या लेन्सच्या डब्यात ती ठेवू नका.